बर्गंडीच्या द्राक्षबागांतून सायकल: मोठा रस्ता सोडून बागेची वाट

निफाड तालुक्यात आमची साडेतीन एकर द्राक्षबाग आहे. बागेच्या मधल्या वाटेवरून ट्रॅक्टर जातो, फवारणीचा ब्लोअर जातो, क्रेट घेऊन माणसं जातात, आणि लहानपणी त्याच वाटेवर मी सायकल शिकले. डांबरी रस्त्यावर उसाच्या न् कांद्याच्या ट्रॉल्या असायच्या, म्हणून तिकडे जायची आईची बंदी होती. बागेत समोरून कुणी आलं तर आपण सायकल बांधाला लावायची आणि त्याला आधी जाऊ द्यायचं, एवढा एकच नियम. तो कुणी शिकवला नव्हता.

गेली अकरा वर्षं मी नोकरीसाठी फ्रान्समध्ये, ल्यों शहरात राहते. इथून बर्गंडीतलं बोन हे गाव साध्या रेल्वेने दोन तासांच्या आसपास. तिथल्या द्राक्षबागांतून सायकल चालवायला मी वर्षातून चार-पाच वेळा जाते, आणि भारतातून येणारे ओळखीचे लोक हल्ली आवर्जून विचारतात, की गाड्यांचा त्रास न होता तिथे कसं फिरायचं? दरवेळी फोनवर सांगते ते इथे सविस्तर लिहिते आहे. मुद्दा एकच आहे. बर्गंडीच्या बागांमधल्या शांत वाटा पर्यटकांसाठी बांधलेल्या नाहीत, त्या बागेच्या कामाच्या वाटा आहेत. बागेत कुठल्या महिन्यात, कुठल्या वेळी काय काम चालतं हे कळलं, की वाट मोकळी कधी मिळेल हेही कळतं.

आधी काय टाळायचं ते. दिजों ते सांतने या पट्ट्यात जागोजागी ‘रूत दे ग्रां क्र्यू’, म्हणजे थोर वाईनचा रस्ता, अशा पाट्या दिसतात. पहिल्या खेपेला मी त्याच पाट्या धरून निघाले. हा रस्ता १९३७ साली आखला गेला, तोच मोटारीने फिरणाऱ्यांसाठी. त्याचा बराच भाग डे-९७४ या मोठ्या रस्त्यावरून किंवा त्याच्या आसपासून जातो, आणि त्या रस्त्यावर मालाचे ट्रक आहेत, घाईने कामावर जाणारे लोक आहेत, कडेला सायकलला जागा फारशी नाही. बोनच्या दक्षिणेला एका ट्रकच्या वाऱ्याने माझी सायकल अक्षरशः ढकलली गेली. मी उतरले, उजवीकडच्या उतारावर पाहिलं, तर वेलींच्या ओळींमधून एक सिमेंटची अरुंद वाट समांतर चालली होती आणि तिच्यावरून एक आजीबाई पुढच्या टोपलीत पाव ठेवून संथपणे सायकल हाकत होत्या. तीच ‘व्वा दे विन्य’, वेलींची वाट. नकाशावर डे-९७४ दिसला की तो फक्त ओलांडायचा, त्यावरून चालवायचं नाही.

व्वा दे विन्य बोनपासून सांतनेपर्यंत जाते, सुमारे २२ किलोमीटर. दुसरा प्रकार म्हणजे ‘व्वा व्हेर्त’, हिरवी वाट. जुन्या रेल्वेमार्गावर किंवा कालव्याच्या काठाने केलेली ही वाट मोटारींना पूर्ण बंद असते. दोन्हींमधला फरक लक्षात ठेवा. वेलींच्या वाटेवर शेतकऱ्याची गाडी, ट्रॅक्टर, कधी पोस्टाची गाडीही येऊ शकते. हिरव्या वाटेवर येतात ती फक्त माणसं, सायकली आणि कुत्री. लहान मुलं बरोबर असतील तर हिरवी वाट घ्या. बागा अगदी हाताशी हव्या असतील तर वेलींची.

बोन स्टेशनवर उतरल्यावर जुन्या गावाभोवतीचा गाड्यांचा वर्तुळाकार रस्ता धरू नका. तटबंदीच्या आत शिरा आणि दगडी फरशीवरून हळूहळू पश्चिमेला जा. वाटेत ओतेल-द्यू लागतं, रंगीत चकचकीत कौलांचं, १४४३ साली निकोला रोलें आणि त्याची पत्नी गिगोन द सालें यांनी गरिबांसाठी उभारलेलं रुग्णालय. तिथे १९७१ पर्यंत खरेच रुग्ण ठेवले जात होते. त्याच्या खर्चासाठी लोकांनी शतकानुशतकं द्राक्षाची शेतं दान दिली, आणि त्या शेतांच्या वाईनचा लिलाव आजही नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी होतो. आमच्याकडे देवस्थानाला इनाम जमीन असायची, तसाच प्रकार. गाव ओलांडून बूझेझ या सार्वजनिक उद्यानापाशी आलात, की पांढऱ्या फळीवर हिरव्या सायकलची पाटी दिसते. तिथून पुढे पाट्या चुकत नाहीत, फक्त वेलींच्या चौफुल्यांवर त्या बुटक्या असतात. पानं वाढलेल्या दिवसांत नजर खाली ठेवावी लागते.

सुरुवातीलाच पोमार, मग व्होलने. व्होलने गाव उतारावर टेकून बसलंय, त्यामुळे इथे चढ लागतो. तो छोटा आहे, पण पायांना जाणवतो. गिअर आधीच हलका करून ठेवा. त्यानंतर म्यरसो. बोनपासून इथे यायला मला रमतगमत पाऊण तास लागतो. चौकात जुन्या किल्ल्यातली नगरपालिका आहे, तिच्यावरही रंगीत कौलं, आणि समोर बसायला जागा. या वाटेवर एकाच ठिकाणी थांबायचं असेल तर मी म्यरसो सांगेन. बेकरी आहे, पाणी आहे, आणि १८७८ साली फिलोक्सेरा ही मुळं खाणारी कीड या भागात पहिल्यांदा सापडली ती याच गावात.

मागच्या वर्षी मे महिन्यात अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी या वाटेवर आणलं. वय सदुसष्ट. बोनमध्ये बॅटरीची सायकल भाड्याने घेतली. ते तीस वर्षं सायकलवर बसले नव्हते, तरी दहा मिनिटांत सरावले. फिलोक्सेराची गोष्ट मी त्यांना म्यरसोच्या चौकात सांगितली. फ्रान्सच्या बागाच्या बागा वाळल्या, शेवटी अमेरिकेतल्या रानवेलीच्या खुंटावर इथल्या वेलीचं डोळं भरलं, म्हणजे कलम केलं, तेव्हा कुठे बाग वाचली. अण्णांनी फक्त विचारलं, “म्हंजी आपल्या डॉगरिजसारखंच?” अगदी तसंच. आमच्याकडे डॉगरिज खुंट लावला तो पाणी आणि जमीन खारट म्हणून, इथे लावला तो किडीमुळे. पण दोन्हीकडे मुळं अमेरिकेची आणि वर माल आपला. त्यानंतर ते प्रत्येक बागेशी थांबून कलमाचा जोड बघू लागले आणि आमचे २२ किलोमीटर सहा तासांत झाले. सायकल हा बाग बघायचा योग्य वेग आहे असं मला वाटतं ते यामुळेच. मनात आलं की एक पाय टेकवून थांबता येतं.

म्यरसोच्या पुढे प्युलिन्यी-मोंराशे आणि शासान्य-मोंराशे ही दोन गावं. दोन्हींच्या नावामागे जोडलेली मोंराशे ही बाग पाहायची असेल तर पाटीची वाट सोडून थोडं वरच्या अंगाला वळा. दगडी गडग्यात एक कमान दिसते आणि आत सुमारे आठ हेक्टर, म्हणजे आपल्या हिशेबाने जेमतेम वीस एकरांची बाग. जगातली बहुधा सर्वांत नावाजलेली पांढरी वाईन या तुकड्यातून येते. कुंपण नाही, पहारेकरी नाही, खालची वाट आणि ही बाग यांच्यात एक गडगा. तुम्ही मात्र आत पाऊल टाकू नका.

सायकलवरून जाताना इथली सगळी उतरंड डोळ्यांनी वाचता येते. खाली सपाटीला, मोठ्या रस्त्याच्या आसपास, खोल जड मातीत साध्या वाईनच्या बागा. जरा वर गावाच्या नावाची वाईन. उताराच्या मधल्या पट्ट्यात, जिथे माती पातळ आणि चुनखडक वर येतो, तिथे ‘प्रमिये क्र्यू’ आणि ‘ग्रां क्र्यू’, म्हणजे वरच्या दोन दर्जांच्या बागा. त्याच्या वर उघडा खडक न् जंगल. उतार पूर्वेकडे तोंड करून आहे, म्हणून सकाळचं ऊन सरळ वेलींवर पडतं. या पट्ट्यातल्या अशा नावानिशी वेगळ्या ओळखलेल्या बागांना ‘क्लिमा’ म्हणतात. त्या १,२४७ आहेत, आणि २०१५ साली युनेस्कोने त्यांची नोंद जागतिक वारशात केली. मराठी माणसाला हे समजायला सोपं आहे. आपल्याकडे नाही का, एकाच शिवारात ‘वडाची पट्टी’, ‘खडकाळी’, ‘मळई’ अशी प्रत्येक तुकड्याची नावं असतात आणि कुठल्या पट्टीत काय पिकतं हे घरातल्या पोरालाही ठाऊक असतं? इथे ती नावं बाटलीवर छापली जातात, एवढंच. वाटण्यांचंही तसंच. उत्तरेकडच्या क्लो द व्हूझो या पन्नास हेक्टरांच्या एकाच भिंतीआडच्या बागेला आज ऐंशीहून जास्त मालक आहेत. अण्णा म्हणाले, “याचा सातबारा केवढा असंल!”

आता वेळेबद्दल. हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे.

दिवसातली सर्वांत शांत वेळ दुपारी बारा ते दोन. फ्रेंच बागाईतदार बाराच्या ठोक्याला काम थांबवून जेवायला जातो आणि दोनला परततो. मधले दोन तास वाटेवर जवळपास कुणी नसतं. बहुतेक पर्यटकही त्या वेळी हॉटेलात बसलेले असतात. म्हणून मी अकरालाच बेकरीतून खाऊन घेते किंवा दशम्या बांधून आणते, आणि ऐन बाराला सायकलवर बसते. उन्हाळ्यात मात्र हा हिशेब चालत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पारा पस्तिशीपार जातो आणि वेली कमरेएवढ्या, म्हणजे सावली शून्य. तेव्हा सकाळी सातला निघा. संध्याकाळी सूर्य डोंगराआड लवकर जातो, त्यामुळे उताराच्या पायथ्याला आकाशात उजेड असतानाच सावली पडते. उन्हाळ्यातली ती वेळही सुंदर.

वर्षाचा हिशेब नाशिककराने नव्याने शिकावा. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी आणि फेब्रुवारी-मार्चात माल. इथे छाटणी वर्षातून एकदाच, थंडीत. जानेवारी ते मार्च बागेत सिकेटरचा, म्हणजे छाटणीच्या कात्रीचा, कटकट आवाज आणि काड्या जाळल्याचा निळसर धूर असतो. सिकेटर हा आपल्या बागाईतदाराच्या रोजच्या तोंडचा शब्द मूळ फ्रेंच आहे हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. त्या दिवसांत वाटेवर छाटलेल्या काड्या आणि तारेचे बारके तुकडे पडलेले असतात. माझी तीन पंक्चर झाली, तिन्ही फेब्रुवारीतली. थंडी, धुकं आणि तार, यासाठी एवढ्या लांबून येऊ नका.

एप्रिलमध्ये वेलींचे डोळे फुटून कोंब येतात आणि पहाटे गोठवणाऱ्या दहिवराची भीती असते. २०२१ च्या एप्रिलमध्ये तापमान शून्याखाली गेलं तेव्हा इथल्या शेतकऱ्यांनी रात्रभर ओळींमधून मोठाल्या मेणबत्त्या पेटवल्या. निफाडला पारा घसरला की आम्ही बागेत शेकोट्या करतो. तेव्हा त्या रात्री ल्योंमध्ये बसून बातम्या बघताना मला झोप लागली नाही. एप्रिलमध्ये आलात तर हातमोजे घ्या, आणि दिवस कोवळा असतो याचा आनंद घ्या.

मे-जून दिसायला उत्तम. दिवस इतका मोठा, की जूनमध्ये रात्री साडेनऊलाही उजेड. पण हा फवारणीचा हंगाम. भुरी आणि केवडा हे बुरशीचे रोग इथेही आहेतच. फवारणी वारा पडलेला असताना, भल्या पहाटे सुरू होते, म्हणून मे-जूनमध्ये साधे वार टाळून रविवारी जा. वाऱ्यावर तुषार येताना दिसले तर खालच्या अंगाने पुढे जायचा मोह सोडा, मागे फिरा, समांतर दुसरी वाट घ्या. वाटा भरपूर आहेत. पानांना हात लावू नका. एका बागेत पानांवर निळसर डाग पाहून अण्णांनी दुरूनच ओळखलं, “बोर्डो मारलंय.” मोरचूद आणि चुन्याचं हे मिश्रण १८८० च्या दशकात फ्रान्सच्याच बोर्दो भागातून आलं, आणि अण्णा ते आयुष्यभर पिंपात ढवळत आले.

ऑगस्टचा पहिला पंधरवडा फार कमी लोकांच्या ध्यानात येतो. मण्यांत पाणी उतरायला लागलेलं असतं, शेंडे मारून झालेले असतात, तोडणीला वेळ असतो. त्यामुळे बागवाले स्वतः सुट्टीवर जातात. ऊन सोसत असेल, तर सकाळच्या वेळी यापेक्षा मोकळी वाट वर्षभरात मिळणार नाही. त्यानंतर ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात तोडणी सुरू झाली की दोन-तीन आठवडे सायकल बाजूला ठेवा. मजुरांच्या गाड्या, क्रेटच्या ट्रॉल्या, ओळींच्या तोंडाशी लावलेल्या गाड्या, सगळ्यांची घाई. त्यांच्या वर्षभराच्या कमाईचे ते दिवस आहेत. आपल्याकडे निर्यातीचा माल तोडताना बागेत कुणी हौशी फिरायला आलं तर कसं वाटेल?

आणि ऑक्टोबर. मला एकच महिना निवडायचा असेल तर हा. शार्दोनेची पानं पिवळी, पिनो न्वारची तांबूस, कामं उरकलेली, हवेत थंडावा, गावातून जाताना तळघरांच्या खिडक्यांमधून आंबणाऱ्या रसाचा वास. या जिल्ह्याच्या ‘कोत-दोर’ या नावाचा अर्थच ‘सोनेरी उतार’ असा घेतात, तो या दिवसांत पटतो. नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारच्या आसपास मात्र लिलावामुळे बोन तुडुंब असतं, तेव्हा येऊ नका.

वाटेवर वागण्याच्या काही गोष्टी. इथले वेल हेक्टरी दहा हजारांच्या घरात, म्हणजे एकरी चार हजार. आमच्याकडे नऊ बाय पाच फुटांवर एकरी साडेनऊशे बसतात. एवढ्या दाटीत आपला ट्रॅक्टर शिरणारच नाही, म्हणून इथे उंच पायांचा ट्रॅक्टर असतो, वेलींची ओळ त्याच्या पोटाखालून जाते. चालक पार वर बसलेला, त्याला जवळचा सायकलवाला दिसत नाही, आणि तो ओळीतून एकदम वाटेवर निघतो. ओळी संपतात तिथे वेग कमी करा, घंटी वाजवा. समोरून आला तर थांबून बाजूला व्हा. गडग्याला टेकताना जपून, ते दगड चुन्याशिवाय रचलेले असतात. एक हात वर करून ‘बोंझूर’ म्हणायला विसरू नका. गावकरी त्याला फार मानतात. आणि घड तोडायचा नाही, एक मणीसुद्धा नाही. वाटेत दगडी गोल झोपड्या दिसतील, त्यांना ‘काबोत’ म्हणतात. पावसात शेतमजुरांच्या आसऱ्यासाठी बांधलेल्या. उघडी असेल तर पावसात थांबायला हरकत नाही, खाल्लेल्याचा कचरा बरोबर न्या.

जोराच्या पावसानंतर अर्धा दिवस थांबून निघा. उतारावरची माती आणि बारीक खडी वाटेवर येते आणि सिमेंटवर चाक सरकतं. पूर्वी ही वाहून आलेली माती लोक पाठीवरच्या टोपलीतून पुन्हा वर नेऊन टाकायचे. ती जागा आणि ती माती त्यांच्यासाठी एवढी मोलाची.

साध्या रोड सायकलवर ही वाट होते, पण टायर २८ किंवा ३२ मिलिमीटरचे असू द्या. फार बारीक टायर सिमेंटच्या सांध्यांवर हातांना त्रास देतात. एक जादा ट्यूब आणि पंप आवश्यक, कारण दुरुस्तीचं दुकान बोन सोडलं तर सहज सापडत नाही. भाड्याची सायकल शनिवार-रविवारसाठी आधी सांगून ठेवा, आणि घेताना ब्रेक स्वतः दाबून बघा. एकदा मी तसं न करता निघाले आणि व्होलनेच्या उतारावर पुढचा ब्रेक सैल असल्याचं कळलं. पाय घासत थांबले, पण त्या दिवसापासून दुकानाबाहेर दोन फेऱ्या मारल्याशिवाय निघत नाही. वारा बघूनही दिशा ठरवा. उत्तरेचा कोरडा गार वारा, ज्याला इथे ‘बीझ’ म्हणतात, तो सुटला असेल तर बोनहून सांतनेकडे जा. तो पाठीवर येतो. दक्षिणेचा असेल तर रेल्वेने सांतनेजवळच्या शान्यीला उतरून उलट्या दिशेने या.

पाण्याची युक्ती लिहून ठेवा. छोट्या गावात दुकान बंद, कॅफे बंद, पण दफनभूमीच्या फाटकापाशी नळ असतो. फुलांना घालण्यासाठीचा. ‘ओ नों पोताब्ल’, म्हणजे पिण्यालायक नाही, अशी पाटी नसेल तर मी बाटली भरून घेते. बेकरी सोमवारी पुष्कळ ठिकाणी बंद, रविवारी दुपारनंतर जवळजवळ सगळंच बंद. शाकाहारी असाल आणि अंडं चालत असेल तर चीज घातलेले हलके गोळे, ‘गूझेर’, बेकरीत मिळतात. ते, एखादं फळ आणि बरोबरचा खाऊ एवढ्यावर दिवस निभतो. अण्णांनी शेंगदाण्याची चटणी आणली होती, ती ताज्या पावाला लावून खाल्ली. मला आता ती सांतनेच्या चौकाची चव वाटते.

वाईन चाखण्याबद्दल सरळ सांगते. फ्रान्समध्ये दारू पिऊन वाहन चालवण्याचा नियम सायकललाही लागू आहे, मर्यादा रक्तात लिटरला ०.५ ग्रॅम. तळघरात चव घेऊन थुंकण्यासाठी भांडं ठेवलेलं असतं आणि त्यात थुंकणं मुळीच अपमानाचं नाही, जाणकार तेच करतात. बर्गंडीत बरेच बागाईतदार आधी वेळ घेतल्याशिवाय दार उघडत नाहीत, तेव्हा आठवडाभर आधी कळवा. दिवसात एकच भेट ठेवा, तीही फेरी संपल्यावर. वर्दळ नसली म्हणून शिथिल होऊ नका. गावातल्या चौफुल्यांवर पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, ही इथली जुनी रीत आणि कायदाही. बारा वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं, मोठ्यांनीही घालावंच. अंधार पडताना गावाबाहेर चमकणारं जाकीट लागतं. अडचणीचा फोन ११२.

सांतनेला पोहोचलात आणि दिवस संपवायचा असेल तर कालव्याच्या काठाने शान्यीला जा. कालव्याचं पाणी स्थिर, बोटी संथ. शान्यीला ल्यों-दिजों मार्गावरची साधी प्रादेशिक रेल्वे थांबते. तिच्यात सायकल सुटी न करता चढवता येते, पण जागा थोड्या. रविवारी संध्याकाळची गाडी गच्च असते, तेव्हा एक गाडी आधीची धरा.

अजून दोन दिवस हाताशी असतील तर खरी मोकळी वाट दक्षिणेला आहे. शालोंला रेल्वेने या, तिथून झिव्री, आणि झिव्रीपासून क्ल्युनीपर्यंत ४४ किलोमीटरची हिरवी वाट. जुन्या रेल्वेमार्गावर १९९७ साली झालेली ही फ्रान्समधली पहिली व्वा व्हेर्त. रेल्वेचा उतार असल्याने चढ जाणवत नाही, अण्णांनी या वाटेवर बॅटरी बंद करून सायकल चालवली. ब्युसीपर्यंत द्राक्षबागा लागून आहेत, तिथे शेतकऱ्यांची सहकारी वायनरी आहे. सहकार हा शब्द कानावर पडताच अण्णांनी सभासद किती, भाव कसा ठरवतात, पैसे किती हप्त्यांत देतात असे प्रश्न विचारायला लावले, आणि मी तासभर दुभाषी झाले. पुढे सें-जांगू, कोर्मातेंचा वाडा, मग तेझे. तेझेला १९४० साली सुरू झालेला ख्रिस्ती बंधुसंघ आहे, जगभरची तरुण पोरं तिथे तंबूत राहायला येतात. त्यांच्या प्रार्थनेची घंटा वाटेवर ऐकू येते. या टप्प्यात बागा विरळ होतात, कुरणं येतात, पांढऱ्या गाई येतात. वेलींचीच ओढ असेल तर हा भाग जरा लांबलचक वाटेल. मला आवडतो.

क्ल्युनीत ९१० साली स्थापलेला मठ. त्याचं चर्च एके काळी ख्रिस्ती जगातलं सर्वांत मोठं होतं, क्रांतीनंतर दगडांसाठी पाडलं गेलं. उरलेल्या एका बाजूच्या उंचीवरून बाकीचं किती असेल याचा अंदाज बांधायचा. इथे मुक्काम करा.

दुसऱ्या दिवशी माकोंच्या दिशेने निघालात की ब्वा क्लेरचा बोगदा लागतो, सुमारे १,६०० मीटर. हिवाळ्यात तो वटवाघळांसाठी बंद ठेवतात, तेव्हा नोव्हेंबर ते मार्च या दिवसांत आधी चौकशी करा. बंद असेल तर खिंडीच्या रस्त्याने चढून जावं लागतं. उन्हाळ्यातही आत गार असतं. जाकीट वरच ठेवा, दिवा लावा, घंटी वाजवत जा. मी अण्णांच्या मागे होते. आत शिरल्यावर ते गप्प झाले आणि मग अंधारात मोठ्याने एक अभंग म्हणू लागले, आवाज पुढे-मागे घुमत राहिला. समोरून येणारं एक फ्रेंच जोडपं सायकली बाजूला घेऊन, त्यांचा अभंग संपेपर्यंत उभं राहिलं. पलीकडे बाहेर पडलो तर ऊन, बेर्झेचा किल्ला आणि खाली पुन्हा बागा सुरू. अण्णांनी सायकल बांधाला लावली, खाली वाकून मुठीत माती घेतली, चुरली, आणि म्हणाले, “इथं ठिबक नाही गं कुठंच.” नव्हतंच. बर्गंडीत बागेला पाणी द्यायची रीत नाही, पाऊस पडेल तेवढ्यावर वेल. हे त्यांना पुढचे पाच किलोमीटर मी सांगत होते आणि त्यांना ते पटत नव्हतं.